तीनशेला तीन कमी

‘लीलावती’त वर्गाचं प्रकरण येतं तिथे भास्कराचार्य चार संख्यांचे वर्ग विचारतात. नऊचा, चौदाचा, तीनशेला तीन कमी केल्यावर जे उरेल त्याचा, आणि दहा हजार पाचचा. पहिले दोन तोंडपाठ असतात. शेवटची संख्या दिसायला दांडगी, पण आत शून्यंच जास्त. लक्ष वेधते ती तिसरी. २९७ असं सरळ न सांगता ‘तीनशेला तीन कमी’ असं सांगितलं, तिथेच अर्धं उत्तर देऊन टाकलं आहे. उरलेल्या अर्ध्यात एक गंमत दडलेली आहे. तिच्याबद्दल ‘लीलावती’त चकार शब्द नाही. ती कळायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि देवळालीचा एक शाळामास्तर यावा लागला.

आधी या गणितांचा खानदेशाशी संबंध काय ते सांगतो. भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मसाल शके १०३६, म्हणजे इ.स. १११४, असं लिहून ठेवलं आहे. छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचल्याचंही लिहिलं आहे. गावाचं नाव विज्जडविड, सह्य पर्वताजवळचं. हे विज्जडविड नेमकं कुठलं, यावर विद्वानांची भांडणं आहेत आणि त्यांत मी पडत नाही. पण त्यांच्या विद्येचं घर कुठे होतं, याबद्दल वाद नाही. चाळीसगावजवळ, डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण आहे. आज लोक तिथे पाटणादेवीच्या दर्शनाला आणि गौताळा-औट्रम घाट अभयारण्य बघायला जातात. तिथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६०च्या दशकात विद्वानांसमोर आणला. तेव्हा जळगाव आणि धुळे हे वेगळे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला होतं. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी १९०६ मध्ये झाली.

लेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. (मुक्ताईनगरकडचे योगी चांगदेव वेगळे, गल्लत करू नये.) आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या नातवाने पाटणला मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेव आणि हेमाडीदेव या भावांनी त्याला दानं दिली. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला तोच जास्त आवडतो, कारण तिथे हिशेब आहे. पेठेत गिऱ्हाइकाकडून दामामागे विसावा हिस्सा मठाला, गावात जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल मठाला. गणिताची शाळा चालावी म्हणून अख्ख्या पेठेने विसावा हिस्सा मोजून द्यायचा! याहून शोभणारं दान मला तरी सुचत नाही.

आता त्या शाळेतला पाठ. ‘लीलावती’तलं गुणाकाराचं पहिलं उदाहरण असं: १३५ ला १२ ने गुणा. उत्तर १६२०. पण आचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत, हाच गुणाकार वेगवेगळ्या वाटांनी करून दाखवतात. बाराचे आठ आणि चार करा, दोन्हींनी वेगळं गुणा, बेरीज घ्या. किंवा बारा म्हणजे तीन चोक, तर आधी तीनने गुणा आणि आलेल्याला चारने. किंवा दहा आणि दोन वेगळे काढा. किंवा बारात आठ मिळवून सरळ वीसने गुणा आणि जास्तीचे आठपट वजा करा.

हे खरं का आहे ते रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत उभं राहिलं की दिसतं. समजा बाग बारा रांगांची आहे आणि रांगेत १३५ खोडं. आठव्या रांगेनंतर पाण्याचा पाट काढला, तर एका अंगाला १०८० खोडं आली, दुसऱ्या अंगाला ५४०. पाट काढल्याने एकही खोड वाढलं नाही की कमी झालं नाही. बेरीज १६२० च. पाट दहाव्या रांगेनंतर काढा, १३५० आणि २७०, पुन्हा तेवढीच. शाळेच्या पुस्तकात याला वितरणाचा नियम म्हणतात. बांधावरून वळून बागेकडे आडव्या बाजूने पाहिलं, तर त्याच बागेत १३५ रांगा आहेत आणि प्रत्येकीत १२ खोडं आहेत. ही झाली क्रमनिरपेक्षता. बाग हलली नाही, आपण हललो. दर तीन रांगांचा एक पट्टा धरला तर ४०५ खोडांचे चार पट्टे, हे साहचर्य. परीक्षेत या तीन नावांच्या व्याख्या पाठ करून लिहायच्या आणि विसरून जायच्या, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या व्याख्यांत जीव आहे हे मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बाजार मात्र विसरलेला नाही. धुळ्याच्या पाच कंदील भागात ९८ रुपयांच्या सात वस्तू घेतल्या, तर जुना दुकानदार कागद घेत नाही. ‘सातशेला चौदा कमी, सहाशे शहाऐंशी,’ असं म्हणून मोकळा होतो. हीच पाटणच्या मठातली शेवटची वाट: सोयीची संख्या धरायची, जास्तीचं परत करायचं.

याच नियमाने शून्याचंही भांडण मिटतं. पाचमध्ये शून्य मिळवलं तरी पाचच. मग सातपट पाच आणि सातपट ‘पाच अधिक शून्य’ एकच असणार. पण दुसरं उलगडलं तर सातपट पाच अधिक सातपट शून्य. दोन्ही सारखे राहायचे, तर सातपट शून्याला शून्यच व्हावं लागतं, दुसरी सोयच नाही. म्हणजे शून्याने गुणलं की सात असो की सत्तर, सगळे एकाच ठिकाणी येऊन पडतात, आणि तिथून परत जायला वाट उरत नाही, कारण कोण कुठून आला होता याची खूणच पुसली गेली. म्हणून शून्याने भागता येत नाही. भास्कराचार्यांनी इथे वेगळी वाट धरली. एका उदाहरणात ते संख्येला शून्याने गुणतात, त्यात तिचंच अर्ध मिळवतात, तीनने गुणतात, शून्याने भागतात आणि ६३ उरले असं सांगून मूळ संख्या विचारतात. उत्तर १४. शून्याने गुणलं आणि शून्यानेच भागलं तर दोन्ही शून्यं एकमेकांना खाऊन टाकतात, असं त्यांनी धरलं होतं. आजच्या नियमांत हे बसत नाही. पण शून्याला भाजकाच्या जागी ठेवून काय होतं ते बघायचं धाडस त्या काळात होतं, याचं मोल मला त्या उत्तरापेक्षा जास्त वाटतं.

आता २९७. वर्ग काढायची आचार्यांची एक युक्ती अशी: संख्येत सोयीचा आकडा मिळवा, तोच आकडा तिच्यातून वजाही करा, दोघांचा गुणाकार घ्या आणि त्या आकड्याचा वर्ग मिळवा. २९७ मध्ये ३ मिळवले तर ३००. वजा केले तर २९४. तीनशे गुणिले २९४ म्हणजे ८८,२००. त्यात ३ चा वर्ग, ९. झाले ८८,२०९. तीनशेला तीन कमी असं का म्हटलं होतं ते आता कळतं.

या ८८,२०९ चे दोन तुकडे करा. शेवटचे तीन अंक एकीकडे, उरलेले दुसरीकडे. ८८ आणि २०९. बेरीज करा. २९७.

जिचा वर्ग काढला तीच संख्या वर्गाचे तुकडे जोडल्यावर परत आली. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. चाळीसगावहून मुंबईकडे निघालेली गाडी मनमाड आणि नाशिक रोड करत देवळालीला पोचते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तिथे १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवत होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. विद्यापीठाचं पद नाही, संशोधनाचा पगार नाही. होती ती आकड्यांची चटक. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनी त्यांना हौशी म्हणून बाजूला ठेवलं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग मास्तरांचं नाव जगभर गेलं.

भास्कराचार्यांना २९७ ची ही गंमत ठाऊक होती असं मानायला काही आधार नाही. त्यांना हवा होता तीनशेच्या जवळचा आकडा. हा निव्वळ योगायोग, आणि पाहा, त्यांच्या चार उदाहरणांतलं पहिलं, नऊ, तेही कापरेकर संख्याच आहे. नवाचा वर्ग ८१. आठ आणि एक नऊ.

योगायोग हा की ती संख्या त्या पोथीत आली. ती तशी वागते, यात मात्र योगायोग मुळीच नाही. कागद घ्या.

तुकडे पाडताना आपण काय केलं? ८८,२०९ म्हणजे ८८ हजार आणि २०९. बेरजेत त्या ८८ हजारांचे नुसते ८८ झाले. म्हणजे ९९९ चे ८८ पट आपण गुपचूप काढून घेतले. बेरीज मूळ संख्येएवढी येते याचा अर्थ एवढाच, की वर्गातून ती संख्या वजा केली तर उरेल ते ९९९ च्या पटीत असलं पाहिजे. पण वर्गातून संख्या वजा करणं म्हणजे २९७ वेळा २९७ मधून एक वेळ काढणं, अर्थात २९७ गुणिले २९६. पुन्हा तोच बागेतला पाट! तर प्रश्न उरला तो असा: २९७ आणि तिच्या आधीची २९६ यांचा गुणाकार ९९९ ने भागला जातो का?

९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. आता पाहा. २९७ म्हणजे २७ चे ११ पट. २९६ म्हणजे ३७ चे ८ पट. दोघांनी मिळून ९९९ उचलला, आणि शिल्लक उरले ११ आणि ८. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी. तेच ते ८८!

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस दोन मिनिटं गप्प बसतो. गंमत उलगडली म्हणून ती संपत नाही, उलट तिला फांद्या फुटतात. लगतच्या दोन संख्यांना एकाखेरीज समान विभाजक नसतो. त्यामुळे २७ अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा वाटता येत नाही. तो अख्खा एकीकडेच जाणार. मग वाटण्या चारच उरतात. २७ मूळ संख्येत आणि ३७ आधीच्या संख्येत, ही झाली २९७. उलटी वाटणी केली तर ७०३: ३७ चे १९ पट, आणि ७०२ म्हणजे २७ चे २६ पट. एकोणीस गुणिले सव्वीस ४९४, आणि ७०३ चा वर्ग आहे ४,९४,२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. उरलेल्या दोन वाटण्यांतून ९९९ आणि नुसता १ निघतात. पाचवी संख्या नाहीच, शोधत बसायची गरज नाही. आणि २९७ अधिक ७०३ करून पाहा, बरोबर हजार.

दोन अंकांत हाच खेळ ९९ चा. तो ९ गुणिले ११. त्यातून ४५ आणि ५५ निघतात. ४५ चा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. नुकतंच ते साल आपण कॅलेंडरवर वर्षभर पाहिलं. ५५ चा ३०२५. बेरीज शंभर. चार अंकांत गेलं तर ९९९९ चे तीन तुकडे पडतात, ९, ११ आणि १०१. म्हणून तिथे आठ वाटण्या होतात: १ आणि ९९९९, २२२३ आणि ७७७७, २७२८ आणि ७२७२, ४९५० आणि ५०५०. प्रत्येक जोडी दहा हजारांची. २२२३ चा वर्ग ४९,४१,७२९; त्यात ४९४ आणि १७२९ दिसतील.

कापरेकरांचा दुसरा शोध जास्त प्रसिद्ध आहे, ६१७४ चा. तो १९४९ चा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराशी पुन्हा तेच करा. पाटणच्या लेखाचं साल घेऊ, १२०७. ७२१० मधून ०१२७ गेले, ७०८३. मग ८७३० मधून ०३७८, राहिले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८, आले ६१७४. तिथून पुढे हलता येत नाही: ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४. भास्कराचार्यांचं जन्मसाल १११४ घेतलं तर सहा पायऱ्या लागतात. सातपेक्षा जास्त कुणालाच लागत नाहीत.

हा जादूचा प्रयोग वाटतो, पण आत तीच ९९९ आणि तिची बहीण ९० बसली आहे. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान अंकातला फरक घ्या, तो ९९९ पट होतो. मधल्या दोन अंकांतला फरक ९० पट होतो. वजाबाकी म्हणजे या दोघांची बेरीज. १२०७ मध्ये पहिला फरक ७, दुसरा १: ६९९३ आणि ९०, मिळून ७०८३. मधला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. मोजून पाहिलं तर अशा वेगवेगळ्या जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे हजारो संख्या पहिल्या वजाबाकीलाच ५४ घरांत येऊन बसतात. ती ५४ घरं एका रविवारी हाताने तपासता येतात. आणि ६१७४ म्हणजे ६८६ चे नऊ पट. पाच कंदिलावरच्या त्या दुकानदाराचं बिल, नऊ वेळा. याला मात्र काही अर्थ नाही, आपला आनंद म्हणून सांगितलं.

नवाची ही घुसखोरी शेतातही सापडते. केळीची लागवड दीड बाय दीड मीटरवर केली तर हेक्टरी ४४४४ खोडं, असा आकडा शेतीच्या पुस्तिकांत छापलेला असतो. चार चौके असे ओळीने का यावेत? दिडकीचा पाढा येणाऱ्याला ठाऊक असतं की दीड दीडे सव्वादोन. सव्वादोन म्हणजे नऊ चतुर्थांश. दहा हजार चौरस मीटरला नऊ चतुर्थांशाने भागलं, म्हणजे चाळीस हजारांना नवाने भागलं. दहा हजारात ९९९९ नवाने सुटतो आणि एक उरतो. चौपट केलं की ४४४४ आणि बाकी चार. शेतकरी बहुधा एकरात आणि फुटांत बोलतो. पाच बाय पाच फूट धरलं तर एकरात ४३,५६० चौरस फुटांना २५ ने भागून १७४२ खोडं. अंतर जवळजवळ तेच, पण ओळीने आलेले चौके गायब.

इथेच हार्डीसाहेबांचा आक्षेप आठवतो. श्रीनिवास रामानुजन यांना केंब्रिजला नेणाऱ्या जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अंकांच्या अशा करामतींना कोडी म्हणून बाजूला सारलं. गणितज्ञाला त्यांत काही गम्य नाही, असं त्यांचं मत. दहाच्या पटीत लिहिण्याची सवय सोडली की या करामती नाहीशा होतात, ही त्यातली खरी अडचण. आक्षेप खोटा नाही. पण मला तो अपुरा वाटतो, कारण करामत दहाची असली तरी तिच्यामागचं कारण दहाचं नाही. मोजमाप बदला, गंमत फक्त पत्ता बदलते.

एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. सोळातून एक गेला की पंधरा, आणि पंधरा म्हणजे तीन गुणिले पाच. तर वाटणी लावा. सहा तीनच्या पटीत आहे आणि त्याच्या आधीचा पाच पाचच्या. सहा आणे नगाने सहा नग घेतले तर ३६ आणे, म्हणजे दोन रुपये चार आणे. दोन आणि चार सहा. उलट वाटणी दहाची. दहा आणे नगाने दहा नग, १०० आणे, सहा रुपये चार आणे. सहा आणि चार दहा. आणि सहा-दहा मिळून सोळा, पुरा रुपया. त्या काळी धुळ्यातल्या कितीतरी दुकानांत हे हिशेब रोज तोंडी होत असतील.

जळगावच्या सराफ बाजारात मात्र जुन्या मापांत हा डाव पहिल्या झटक्यात लागत नाही. आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. आठातून एक गेला, सात. बारातून एक गेला, अकरा. दोन्ही मूळ संख्या, तुकडेच पडत नाहीत, त्यामुळे वाटणीही नाही. पण मासा सोडून थेट तोळ्याच्या गुंजा करा. शहाण्णव. त्यातून एक गेला, ९५. पाच गुणिले एकोणीस. मग २० आणि ७६ या दोन संख्या निघायलाच हव्यात, आणि निघतात: वीस गुंजांचे वीस दागिने तागडीत घातले तर वजन ४०० गुंजा, म्हणजे चार तोळे सोळा गुंजा. ७६ चं वजन तुम्ही करून पाहा.